नाव, अर्थ आणि दुसरीचे गणित

आमच्या घराच्या मागील बाजूस एक प्राथमिक शाळा आहे. वर्गांच्या खिडक्या उघड्या असल्या म्हणजे आत काय चालले आहे हे आमच्या गच्चीवर सहज ऐकू येते. ह्या आठवड्यात तेथे दुसरीच्या वर्गात शंभरापर्यंतच्या संख्यांचे वाचन व लेखन चालू आहे. बाई एक संख्या मोठ्याने उच्चारतात, मुले ती अंकांनी वहीत लिहितात, आणि मग वर्गात जो गलबला उठतो त्यावरून कोणाचे चुकले व कोणाचे बरोबर आले हे बाहेरच्यालाही कळते. परवा मधल्या सुटीत बाईंची अनुमती घेऊन मी काही वह्या चाळल्या. 'त्रेसष्ट' म्हटल्यावर काही मुलांनी ६३ असे बरोबर लिहिले होते. परंतु काही वह्यांत ३६ हा आकडा उमटला होता. एका मुलाने तर प्रथम उजवीकडे ३ लिहून मग त्याच्या डावीकडे ६ लिहिला, असे बाईंनी सांगितले. त्याचे उत्तर बरोबर होते, पण हात मात्र उलटा चालला होता. देवनागरीत ३६ मधील दोन अंक एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात आणि ६३ मधील तेच अंक समोरासमोर येतात. तेव्हा ज्यांनी उलट लिहिले त्यांच्या वहीत, त्या बिचाऱ्यांच्या नकळत, स्नेहाचे वैर झाले होते.

ही चूक मुलांच्या अनवधानाची नव्हे. 'त्रेसष्ट' हा शब्द कानावर पडतो तेव्हा आधी तीन ऐकू येतात आणि मग साठ. हाताला मात्र आधी सहा लिहावयाचा असतो आणि मग तीन. त्याहून गमतीची गोष्ट अशी की, शंभराच्या पुढे आपली भाषा मोठ्याकडून लहानाकडे जाते. 'दोनशे त्रेसष्ट' म्हणताना प्रथम दोन ऐकू येतात, मग तीन, मग सहा. लिहावयाचे असतात दोन, सहा, तीन. म्हणजे अर्धी वाट सरळ आणि शेवटच्या दोन पावलांत अदलाबदल. आपणां प्रौढांस ह्याची जाणीवच उरलेली नाही, कारण ही अदलाबदल आपल्या अंगवळणी पडून अनेक दशके लोटली. सात वर्षांच्या मुलाला ती प्रथमच करावी लागते, आणि तीही शंभराच्या आतल्या बहुतेक प्रत्येक संख्येला.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात दुसरीच्या गणिताची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यास उत्तर इतकेच की, हा प्रश्न गणिताच्या पुस्तकात उद्भवला असला तरी तो मूळचा भाषेचा आहे. एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंतची नावे ही मराठी शब्दसंपत्तीतील अत्यंत जुनी आणि रोज वापरात असलेली नाणी होत. ती नाणी चालू ठेवावीत की वितळवून नवी पाडावीत, हा वाद २०१९ च्या जून महिन्यात महाराष्ट्रात मोठ्या आवेशाने खेळला गेला. बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'एकवीस' ह्या नावाबरोबरच 'वीस एक' असे वाचन दिले. बावीस म्हणजे 'वीस दोन', त्रेसष्ट म्हणजे 'साठ तीन', ह्याप्रमाणे. वृत्तपत्रांत पत्रांचा पाऊस पडला, विधानसभेत विषय निघाला, आणि तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावात 'वीस' असल्यामुळे त्यावरही कोट्या झाल्या. कोट्यांचा धुरळा बसला, पण मूळ प्रश्नाचे परीक्षण त्या धुरळ्यात राहूनच गेले, असे मला वाटते. ते येथे शांतपणे करावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम नव्या रीतीची बाजू घेऊ, कारण तिला न्याय मिळालेला नाही. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्षस्थानी डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्या स्वतः गणितज्ञ होत्या, आणि 'गणिताच्या सोप्या वाटा'सारखी पुस्तके लिहून मराठी मुलांच्या मनातील गणिताची भीती घालविण्यासाठी त्यांनी पुष्कळ श्रम घेतले. २०२३ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांचे म्हणणे असे होते की, मराठी संख्यानामांत जोडाक्षरांची गर्दी आहे, आणि बोलण्याचा व लिहिण्याचा क्रम परस्परविरुद्ध आहे. ह्या दोन अडचणींमुळे पुष्कळ मुले गणिताच्या उंबरठ्यावरच अडखळतात. जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, त्यांच्या जोडीला एक सोपी वाट दिली आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. ह्यात भाषेचा द्वेष कोठे आहे? उलट, मुलांविषयीचा कळवळा आहे. आणि त्यांचे निदान सर्वथा खरे आहे. ह्या आठवड्यातील त्या वह्या त्याची साक्ष देतील.

ही अडचण केवळ मराठीचीच आहे असेही नाही. हिंदी, गुजराती, बंगाली ह्या आपल्या बहिणींची हीच स्थिती आहे. जर्मन भाषेतही एकवीस म्हणावयाचे तर 'एक आणि वीस' असेच म्हणतात, आणि त्याविरुद्ध २००४ मध्ये बोखुम येथे एक संस्थाच निघाली. तिच्या नावाचा अर्थही 'वीस-एक' असाच होतो. इंग्रजीत पूर्वी 'चार आणि वीस' असे म्हणण्याची चाल होती, ती पुढे मागे पडली. फ्रेंच माणूस सत्तराला 'साठ-दहा' म्हणतो आणि ऐंशीला 'चार-विसा'. उलटपक्षी आमच्या शेजारची कानडी पाहा: तिथे एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदु', वीस आधी आणि एक मागाहून. चिनी भाषेत तर अकरापासूनच 'दहा एक, दहा दोन' असा सरळ क्रम लागतो. चिनी व अमेरिकन मुलांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत, अकरा ते एकोणीस ह्या टप्प्यात चिनी मुले कमी अडखळतात असे दिसून आले आहे. म्हणजे नावांच्या घडणीचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम होतो, ही गोष्ट कल्पनेतली नाही.

आता आक्षेपकांकडे वळू. त्यांचा पहिला आक्षेप असा की, आम्ही शिकलो, आमचे वडील शिकले, मग आजच्याच मुलांना जड का व्हावे? हा आक्षेप ऐकण्यास भारदस्त वाटतो, पण त्यात एक उणीव आहे: जे शिकले तेच तो घेतात. जे दुसरी-तिसरीतच गणिताला कंटाळून शाळेतून बाहेर पडले, त्यांचे मत कोणी विचारीत नाही. शिवाय नंदुरबारकडच्या भिल्ल घरातील, मेळघाटातील कोरकू घरातील वा गडचिरोलीकडच्या गोंड घरातील मुलाला मराठी हीच मुळी दुसरी भाषा असते. त्याच्या कानांवर 'त्रेसष्ट' हा शब्द पाळण्यापासून पडलेला नसतो. त्याला 'साठ तीन' हा आधार मिळाला तर तो आपण कोणत्या तोंडाने काढून घ्यावा?

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. 'छत्तीसचा आकडा', 'तेहतीस कोटी देव', 'बावनकशी सोने', 'चौऱ्यांशी लक्ष योनी' हे सारे शब्दप्रयोग आता बुडणार, अशी हाकाटी झाली. मला हे भय अवास्तव वाटते. भाषा इतकी दुबळी नसते. 'अठराविश्वे दारिद्र्य' आपण आजही बोलतो. त्यातले 'विश्वे' म्हणजे वीस, आणि अठरा विसा म्हणजे तीनशे साठ, अर्थात् वर्षाचे सारे दिवस, अशी त्याची एक फोड सांगितली जाते. विसांनी मोजणे आपण केव्हाच सोडून दिले, तरी तो प्रयोग जिवंत आहे. वाक्प्रचार गणिताच्या पुस्तकावर जगत नाहीत.

तिसरा आक्षेप असा की, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या नावांत हात घालण्याचा अधिकार कोणासच नाही. ह्याचा विचार करण्यापूर्वी ही नावे कशी बनली आहेत हे थोडे पाहिले पाहिजे. संस्कृतातील अंकांची गती डावीकडे, म्हणजे एककापासून आरंभ, हा नियम त्यांच्या मुळाशी आहे. द्वादशाचे बारा झाले, द्वाविंशतीचे बावीस झाले; 'द्वा'चा 'बा' होणे ही प्राकृताची करणी. पण हाच दोन पुढे किती रूपे धारण करतो पाहा: बावीसमध्ये 'बा', बत्तीसमध्ये 'ब', बेचाळीसमध्ये 'बे', ब्याऐंशीत 'ब्या'. तीन हा तेवीसमध्ये 'ते', तेहतीसमध्ये 'तेह', त्रेपन्नमध्ये 'त्रे' आणि त्र्याण्णवमध्ये 'त्र्या' होतो. पन्नास स्वतः पन्नासच असतो, पण एक त्याला येऊन मिळताच तो 'वन्न' होतो आणि तीन मिळताच 'पन्न'. सत्तरातला 'स' जोडीदार आला की 'ह' होऊन 'हत्तर' बनतो. साठाचा मात्र 'सष्ट' होतो आणि संस्कृतातील षष्टीची आठवण करून देतो. एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस. ही 'एकोण'ची परंपरा एकोणतीस, एकोणचाळीस करीत एकोणनव्वदपर्यंत इमानाने चालते आणि नव्व्याण्णवाशी येऊन अकस्मात तुटते. ज्याला भाषेची हौस आहे त्याला ही सारी नावे म्हणजे एक रम्य वस्तुसंग्रहालय वाटेल. मला वाटते. परंतु वस्तुसंग्रहालयात हौसेने हिंडणे वेगळे, आणि त्यातील प्रत्येक वस्तू सातव्या वर्षी पाठ करणे वेगळे.

आणि ही नावे जशीच्या तशी आपणांपर्यंत आली आहेत असेही नाही. जुन्या पाढ्यांत एकशे आठाला 'आठोदरसे' व एकशे बाराला 'बारोदरसे' म्हणत. अष्टोत्तरशत हा शब्द त्यात स्पष्ट दिसतो. तेथेही लहान संख्या आधी आणि शंभर मागाहून असाच क्रम होता. आज आपण सर्रास 'एकशे आठ' म्हणतो. म्हणजे शंभरापलीकडे भाषेने आपला क्रम आपणच उलटविला आणि कोणीही गहिवर काढला नाही. खेड्यातील वृद्ध माणसे 'तीन विसा नि पाच' असे मोजीत, त्यातही मोठे आधी आणि सुटे मागाहून. तेव्हा मोठ्याकडून लहानाकडे जाणे हे मराठीच्या प्रकृतीविरुद्ध आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने मराठी पुरती ऐकलेली नाही.

येथवर वाचून मी नव्या रीतीचा पुरस्कर्ता आहे असे वाटेल. तसे नाही. माझा तिच्यावर आक्षेप आहे, पण तो अन्य ठिकाणी आहे.

मराठीत 'वीस एक' ह्या शब्दांना आधीपासूनच एक अर्थ आहे, आणि तो एकवीस हा नव्हे. 'समारंभाला वीसएक माणसे होती', 'पिशवीत तीसएक आंबे असतील', 'गाव येथून पन्नासएक मैल आहे', असे आपण रोज बोलतो. संख्येला चिकटलेला हा 'एक' म्हणजे 'सुमारे'. बोलताना तो 'वीसेक', 'तीसेक' असाही होतो. आता ज्या वर्गात गणिताच्या तासाला 'तीस एक' म्हणजे बरोबर एकतीस, त्याच वर्गात भाषेच्या तासाला 'तीसएक' म्हणजे साधारण तीस! ज्या विषयाचा सारा भर नेमकेपणावर आहे, त्याच विषयाने अंदाजाचा शब्द उचलून नेमक्या संख्येला लावावा, ह्याला काय म्हणावे? एक, तीस एक, चाळीस एक, पन्नास एक, अशी प्रत्येक दशकाची पहिलीच पायरी ही निसरडी झाली आहे. ह्याचे कारण उघड आहे. ज्यांनी ही रीत योजिली त्यांनी संख्येचा विचार काटेकोर केला, पण शब्द कानाला लावून पाहिला नाही. मध्ये केवळ एक 'आणि' घातला असता, 'वीस आणि एक' असे म्हटले असते, तर हा घोटाळा टळला असता.

दुसरी गोष्ट. ज्या उलट्या क्रमाची अडचण म्हणून ही रीत आली, तो क्रम अकरा ते एकोणीस ह्या नावांत तसाच राहिला. तेरा, चौदा, पंधरा ह्यांना कोणी 'दहा तीन, दहा चार' केले नाही. आणि मुलाची पहिली गाठ तर ह्यांच्याशीच पडते. तिसरी गोष्ट पाढ्यांची. 'सात नवे त्रेसष्ट' ह्याला एक ठेका आहे आणि त्या ठेक्यावरच ते आयुष्यभर तोंडात राहते. 'सात नवे साठ तीन' म्हटल्यावर तो ठेका मोडतो. पाढे पाठ करावयाचे जुन्या नावांनी आणि संख्या वाचावयाच्या नव्या नावांनी, असे झाले तर मुलाचे ओझे हलके न होता दुप्पट होईल.

परंतु माझा मुख्य आक्षेप ह्याहून खोल आहे. 'साठ आणि तीन' हा त्रेसष्टचा अर्थ आहे. त्रेसष्ट हे त्याचे नाव आहे. अर्थ समजावून सांगणे हे शिक्षकाचे काम. नाव ठेवणे हे समाजाचे. पुस्तकाने अर्थ सांगितला ह्याबद्दल त्याचे उपकारच मानले पाहिजेत, पण तोच अर्थ त्याने नावाच्या जागी नेऊन बसविला, ही त्याची चूक झाली. आणि ज्यांनी त्याविरुद्ध ओरड केली त्यांनी नावाच्या प्रेमापोटी अर्थाचेही तोंड बंद केले, ही त्यांची चूक झाली.

नाव आणि अर्थ ह्यांतील अंतर किती मोठे आहे हे पाहावयाचे असेल तर महाराष्ट्रातील कोणत्याही वृद्ध माणसाशी बोलावे. तो १९७२ चा दुष्काळ म्हणत नाही; 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतो. त्याच्या आधीच्या पिढीसाठी 'बेचाळीसची चळवळ' होती. पुण्याच्या जुन्या रहिवाशांना पानशेत फुटले ते 'एकसष्ट साल' आठवते. लातूरकडच्या माणसाला 'त्र्याण्णवचा भूकंप' म्हटले की किल्लारीशिवाय काही सांगावे लागत नाही. येथे बहात्तर म्हणजे सत्तर आणि दोन नव्हे. येथे बहात्तर म्हणजे रोजगार हमीच्या कामावर फोडलेली खडी, सुकडीची रांग, आटलेल्या विहिरी आणि गुरे सोडून दिलेली माणसे. 'सत्तर दोनचा दुष्काळ' असे म्हणून पाहा. संख्या तीच आहे, पण दुष्काळ नाहीसा झाला. आमच्या लोकांनी आपला इतिहास ह्या नावांच्या खुंट्यांवर टांगून ठेवला आहे. ज्या नातवाला बहात्तर हा शब्द ओळखता येत नाही, त्याला आजोबांच्या आयुष्याचा मोठा भाग ऐकूनही ऐकू येणार नाही. नाव गेले तर जे जाते ते हे, वाक्प्रचार नव्हेत.

मग नाव राहते कशाने? ह्याचे उत्तर आपल्याच अनुभवात आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे एके काळी मराठी शाळेतील प्रत्येक मुलाच्या जिभेवर होते. औट म्हणजे साडेतीन, हे आज किती वाचकांना ठाऊक आहे? १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पुढे वजने-मापेही दशमान झाली, आणि सोळा आणे व चाळीस शेरांच्या हिशेबासाठी जन्मलेले ते पाढे निरुपयोगी होऊन गेले. त्यांच्यासाठी कोणी विधानसभेत भाषण केल्याचे ऐकिवात नाही. पण त्याच कुळातील सव्वा, दीड व अडीच हे शब्द मात्र आजही खणखणीत आहेत, कारण बाजारात अजून दीडशे रुपयांची भाजी आणि अडीच किलो साखर विकली जाते. ज्या शब्दाला व्यवहारात काम आहे तो राहतो. ज्याचे काम सुटले तो जातो. शाळा ह्या गोष्टीला थोडा हातभार लावू शकते अथवा थोडी अडवू शकते, इतकेच.

नॉर्वे देशाचा अनुभव ह्या दृष्टीने मनन करण्याजोगा आहे. तेथेही पूर्वी 'एक आणि वीस' असाच क्रम होता. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना गोंधळ होतो म्हणून त्या खात्याच्या सूचनेवरून १९५१ मध्ये शासनाने 'वीस-एक' हा क्रम अधिकृत केला आणि शाळांतून तोच शिकविला. आज सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तेथे दोन्ही रीती ऐकू येतात. एकच माणूस प्रसंगानुसार दोन्ही वापरतो. वेल्समध्येही तसेच झाले. तेथील वेल्श माध्यमाच्या शाळांतून गणितासाठी दशकांवर आधारलेली सोपी नावे वापरतात, आणि विसांवर आधारलेली जुनी नावे घड्याळातील वेळ किंवा माणसाचे वय सांगताना टिकून आहेत. म्हणजे शाळेने नवी नावे शिकविली म्हणून घरची जुनी नावे मेली नाहीत, कारण घराने ती सोडली नाहीत.

आणि येथेच आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाला एक अप्रिय प्रश्न विचारावा लागतो. २०१९ च्या त्या वादात सर्वांत मोठा आवाज आपलाच होता. पण आपण घरी कोणत्या भाषेत मोजतो? दूरध्वनीचा क्रमांक आपण मराठीत सांगतो काय? मुलाला परीक्षेत किती गुण मिळाले हे आजीला सांगताना 'सेव्हन्टी टू' म्हणतो, की बहात्तर? गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या एका मुलीबरोबर मी भाजी घेण्यास गेलो होतो. ती इंग्रजी शाळेत तिसरीत शिकते, घरी शुद्ध मराठी बोलते, गोष्टीही मराठीत वाचते. भाजीवाल्या मावशींनी हिशेब करून 'अठ्ठेचाळीस झाले, बाळ' असे म्हटले. मुलीने माझ्याकडे पाहिले व हळूच विचारले, "काका, अठ्ठेचाळीस म्हणजे फोर्टी एट की फिफ्टी एट?" त्या मावशी कौतुकाने हसल्या. मला मात्र हसू आले नाही. त्या मुलीच्या हाती 'वीस एक'वाले पुस्तक कधीच आलेले नव्हते. तिची नावे कोणत्याही समितीने काढून घेतली नव्हती. ती तिच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, आपोआप हरवली होती. आणि तिच्या आईवडिलांनी त्या वर्षी 'वीस एक'च्या विरोधात सह्या केल्या होत्या, हेही मला ठाऊक आहे.

म्हणून ह्या वादाचा निकाल मी असा लावतो. दुसरीच्या पुस्तकाने अर्थ अवश्य सांगावा, पण तो अर्थ म्हणून सांगावा: 'साठ आणि तीन मिळून त्रेसष्ट.' त्यात क्रमही सुधारतो, 'आणि'मुळे घोटाळाही टळतो, आणि वाक्याच्या शेवटी नावही मुलाच्या कानावर पडते. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून दशक आणि सुटे दाखविण्याची जुनी पद्धत उत्तम होती. तिच्या तोंडी हे वाक्य शोभून दिसेल. श्रुतलेखनात मूल गोंधळले तर त्याने मनातल्या मनात 'साठ आणि तीन' म्हणून मग लिहावे, ही मुभा त्याला मोकळेपणाने असावी. ज्या मुलाची मायबोली वेगळी आहे त्याने तोंडी परीक्षेत 'साठ आणि तीन' असे उत्तर दिले तर त्याचे पूर्ण गुण द्यावेत. गणितात त्याचे काहीच चुकलेले नाही. परंतु तिसरी-चौथीपर्यंत त्याला त्रेसष्ट हे नाव यावे, कारण बाजारात, बसमध्ये, तलाठ्याच्या कचेरीत समोरचा माणूस तेच नाव उच्चारणार आहे, आणि ते न कळल्यामुळे फसविला जाणारा तोच असेल.

आपल्याकडे, म्हणजे ज्यांच्या घरी हे मासिक वाचले जाते त्या कुटुंबांकडे, राहिलेले काम ह्याहून सोपे आहे, आणि बहुधा म्हणूनच ते होत नाही. जिना चढताना पायऱ्या मराठीत मोजाव्यात. वाण्याचा हिशेब मुलाला मोठ्याने वाचावयास सांगावा. घरातील वडीलधाऱ्यांचे वय, त्यांच्या जन्माचे साल, ते शाळेत गेले ते साल, हे त्यांच्याच शब्दांत मुलांना ऐकू द्यावे. परवाच्या त्या भाजीनंतर शेजारची ती मुलगी आणि मी जिन्याच्या पायऱ्या मोजीत वर येऊ लागलो आहोत. आमच्या मजल्यापर्यंत पायऱ्या चोपन्न आहेत. काल ती सेहेचाळीसपर्यंत न अडखळता आली, मग थांबली, आणि सत्तेचाळीस कोणते ते आठवून पुढच्या पायरीवर पाय ठेवला. राहिलेल्या सात पायऱ्या एकदोन दिवसांत होतील, असा मला भरवसा वाटतो.